हाकेला ओ

१

शनिवारी रात्री झुल्माला झोप लागली नाही ती एका शब्दापायी. शब्द तरी किती साधा, ‘आम्ही’.

तिची मुलगी अराई चार वर्षांची व्हायला आली होती, पण बोलत नसे. मुकी नव्हती. कान तिखट, हसणं खळाळतं, आणि चाखा पक्ष्याची नक्कल तर अशी की खरा चाखा फसून ओ द्यायचा. ‘पाणी’, ‘पाव’, ‘नको’, ‘आई’ असे सुटे शब्द होते तिच्याकडे. पण शब्दाला शब्द जोडून एखादं वाक्य म्हणाल तर नाव नाही. त्यात झुल्मा गावच्या शाळेत भाषा शिकवायची. मास्तरीणबाईंची पोर पाखरांशी बोलते आणि घरात मात्र अळीमिळी गुपचिळी, असं दुकानात कुणीतरी म्हटलं होतं. त्यावर सगळ्यांत मोठ्यांदा झुल्माच हसली होती. मग घरी येऊन तिने भांडी जरा जास्तच जोर लावून घासली होती.

मेर्सेदेस गावच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासून सांगितलं होतं, “धीर धरा. दोन भाषांचं घर आहे तुमचं. आधी साठवेल, मग एक दिवस अख्खं वाक्य बोलेल. त्यानंतर तुम्हीच म्हणाल, गप्प बस गं बाई.” तेव्हापासून झुल्मा त्या अख्ख्या वाक्याची वाट बघत होती.

शनिवारी संध्याकाळी ती अराईची वेणी घालत होती. झुल्मा डावखुरी, त्यामुळे तिने घातलेली वेणी नेहमी डाव्या कानाकडे कलायची. अराईलाही ती तशीच कललेली लागे. बाहुलीचीही ती तशीच घाली, आणि परसामागच्या पाण्याकाठी तासन्‌तास बसून लव्हाळ्याच्या पातींचीही.

“उद्या आत्याच्या होडीतून कोण कोण जाणार?” झुल्माने विचारलं. उत्तर येईल म्हणून नव्हे, सवयीने.

“ओरे,” अराई म्हणाली.

झुल्माच्या हातातला कंगवा खाली पडला. आधी आनंदाने. नवा शब्द, तोही प्रश्नाला नेमकं उत्तर म्हणून आलेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो शब्द तिच्या डोक्यात फिरायला लागला. स्पॅनिशमध्ये एकाच शब्दावर भागतं, पण घरातल्या दुसऱ्या भाषेत, ग्वारानीत, मराठीसारखेच दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून म्हणायचं ते ‘न्यांदे’, म्हणजे आपण. ऐकणाऱ्याला बाजूला ठेवून म्हणायचं ते ‘ओरे’, म्हणजे आम्ही.

म्हणजे तू नाहीस. पण मग आम्ही म्हणजे कोण? अराईला ना भाऊ ना बहीण, आणि गावातल्या मुलांपासून ती चार हात लांबच असे.

“अनीबाल,” तिने नवऱ्याला हलवलं. “ती ‘आम्ही’ म्हणाली.”

“बरं झालं की. उद्या ‘तुम्ही’ म्हणेल, परवा ‘ते’. सातवीत जाईपर्यंत सगळी सर्वनामं होतील तिची. झोप.”

त्याचं बरोबरच होतं. पोर बोलली म्हणून लोक पेढे वाटतात, आणि ही बया व्याकरण तपासत बसली होती.

२

सकाळी धक्क्यावर ऊन असं पडलं होतं की रात्रीच्या सगळ्या काळज्यांची झुल्माला लाज वाटली. नीदिया, तिची नणंद, होडीत उभी राहून बांबूने तळ चाचपत होती. इबेराच्या अफाट पाणथळीत पाहुण्यांना फिरवून आणणं हा तिचा धंदा आणि तिची हौसही. इंजिन नाही, आवाज नाही, लांब बांबू रोवायचा आणि होडी ढकलायची.

“या, मास्तरीणबाई,” ती म्हणाली. “डोळे बघ वहिनी तुझे. रात्रभर वह्या तपासल्यास, की माझ्या भावाने घोरून उठवलं?”

“दोन्ही.”

“अराई, आत्याला पापी दे. नको? बरं, चाखाला दे जा.”

आज एकच पाहुणी होती. ओतिलियाबाई, रोसारियो शहरातल्या दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. डोक्यावर परातीएवढी टोपी आणि गळ्यात दुर्बीण. “मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलं,” त्यांनी बसता बसता सांगून टाकलं. “आता जरा लांबचं बघायचंय.”

होडी सोडण्याआधी नीदियाने मान मागे टाकली आणि सापुकाय ठोकला. सापुकाय म्हणजे पोटातून काढलेली लांब आरोळी. नाच रंगला, घोडा जिंकला, पोरगं झालं, नाहीतर नुसती हवा बरी पडली, तरी इथला, कोरिएन्तेस प्रांतातला माणूस ती ठोकतो. आणि ज्याच्या कानावर पडेल त्याने ओ द्यायची. दिली नाही तर माणूस आजारी असेल किंवा रागावलेला असेल, असं धरतात. नीदिया तर कुणालाच वाऱ्यावर सोडत नसे. एकदा शेजारच्या रेडिओवर गाण्यात सापुकाय वाजला, तर तिने भर रस्त्यातून त्यालाही ओ दिली होती.

पलीकडच्या किनाऱ्यावरून एक ओ आली, मागून दुसरी. ओतिलियाबाईंनीही एक देऊन बघितली. ती शिट्टी वाजलेल्या किटलीसारखी निघाली, पण चालली.

“वहिनी?”

“माझा घसा बरा नाही,” झुल्मा म्हणाली. तिचा घसा लग्नाच्या आधीपासून बरा नव्हता. भर लोकांत तोंड उघडून ओरडायचं म्हटलं की तिला आपण वेगळ्याच कुणाचे कपडे घातल्यासारखं वाटे.

अराई पुढच्या फळीवर बसली, पण अगदी कडेला. नीदियाने तिला एक चिपा दिला, तर तिने हात पुढेच धरून दुसरा मागितला. चीज घालून भाजलेले गरम पाव ते, पण एरवी ती अर्धासुद्धा पुरा करत नसे.

“भूक उघडली गं पोरीची,” नीदिया म्हणाली.

अराईने दुसरा चिपा शेजारच्या रिकाम्या फळीवर ठेवला, नीट, मधोमध. झुल्माच्या मनात एवढंच आलं की पोर कडेवरून पाण्यात जाईल. तिने चिपा उचलला, त्या जागेवर बसली आणि अराईला कवेत ओढलं.

अराईने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात कुणी चुकून दुसऱ्याच्या बाकावर बसलं की मुलं बघतात, तसं.

३

दोन तास कसे गेले कळलं नाही. पाणी चहाच्या रंगाचं आणि तरी नितळ. मगरी काठावर तोंड उघडून पडल्या होत्या. ओतिलियाबाई एकेकीचं तोंड दुर्बिणीतून तपासत होत्या.

“एकही किडलेला नाही,” त्या हळहळल्या. “इथे माझा दवाखाना चालला नसता.”

“चालला असता बाई. एकदाच,” नीदिया म्हणाली.

काळे मोजे घातल्यासारखं दिसणारं तांबूस हरीण पोटापर्यंत पाण्यात उभं राहून चरत होतं. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लगबगीने चालले होते, सणाला उशीर झालेल्या बायकांसारखे. आणि कार्पिंचोंचा कळप. डुकराएवढे ते थोराड उंदीर, पिलांसकट, पाण्याच्या कडेला बसलेले. त्यांना माणसाचं काही पडलेलं नसतं. होडी हाताच्या अंतरावरून गेली तरी ते आपले चघळत असतात.

आज ते चघळायचे थांबले. एकेकाने मान वळवली. बघत होते होडीकडेच, पण होडीतल्या कुणाकडे नाही. होडीच्या थोडं मागे, अराईच्या बाजूच्या पाण्याकडे. होडी पुढे सरकली तशा त्यांच्या माना सावकाश वळत राहिल्या, आणि होडीच्या मागेच राहिल्या.

मगर असेल खाली, झुल्माने ठरवलं. तिने अराईचा पाण्यात घातलेला हात काढून मांडीवर ठेवला. हात गार होता. बोटं अर्धवट मिटलेली, काहीतरी धरल्यासारखी.

डोक्यावरून चाखांची जोडी गेली, “याहा, याहा” करत.

“काय म्हणतो तो?” ओतिलियाबाईंनी विचारलं.

“चला, आपण जाऊ या, म्हणतो,” नीदिया म्हणाली. “आमच्याकडे सगळ्या पोरांना माणसांच्या आधी याची भाषा येते. ही तर पंडितीण आहे.”

अराई उभी राहिली. चाखाची नक्कल करणार असं वाटलं, पण तिने मान मागे टाकली, थेट आत्यासारखी, आणि सापुकाय ठोकला. चिमणाच, पण पुरता, शेवटच्या मुरकीसकट. ओतिलियाबाईंनी टाळ्या वाजवल्या. झुल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. नीदिया ओ द्यायला तोंड उघडतेय तोवर लव्हाळ्यातून ओ आली.

बारीक आवाजात. लहान मुलाच्या.

झुल्मा हसत हसत नीदियाकडे वळली, आता ही काय गडगडाट करते ते बघायला. नीदियाने तोंड मिटलं होतं. तिने बांबू जरा जोरात रोवला आणि होडी पुढे काढली.

“कोण गं ते?”

“वारा असेल.”

“वारा मुरकी घेतो?”

“मग घुमला असेल हिचाच आवाज,” नीदिया म्हणाली आणि एक जुनं गाणं गुणगुणायला लागली, सुरात नसलेलं.

घुमला असेल. फक्त सगळीकडे सपाट पाणी होतं आणि गवत. ना डोंगर, ना भिंत. आवाज आपटून परत यावा असं काहीच नव्हतं. शिकलेल्या माणसाचा हा एक त्रास असतो. स्वतःची समजूत घालायला गेलं की मधेच एखादा धडा आठवतो.

४

तरंगत्या बेटावर उतरल्याशिवाय पाहुण्यांना इबेरा बघितल्याचं समाधान होत नाही. जलपर्णी, मुळं, कुजलेली पानं, सगळं वर्षानुवर्षं एकमेकांत गुंतून त्याची जमीन होते. तिच्यावर लव्हाळा उगवतो, लहानसहान झाडंसुद्धा. पण खाली सगळं पाणी. वारा फिरला की अख्खं बेट मुक्काम हलवतं.

“उड्या मारा बाई,” नीदियाने सांगितलं. तिचा सूर परत लागला होता. “घाबरू नका, तुमच्याहून जाड पाहुणे नाचून गेलेत.”

ओतिलियाबाईंनी टोपी धरून उडी मारली. जमीन गादीसारखी दबली आणि परत वर आली. चार पावलांवरचं झुडूप डुललं. मग नीदियाने मारली, मग अराईने, आणि मग झुल्मानेही. एकीने मारली की बाकीच्या आपोआप उचलल्या जात. ओतिलियाबाई हसता हसता खाली बसल्या. “पुरे गं, माझी कवळी,” असं स्वतः दातांची डॉक्टर म्हणाली म्हटल्यावर नीदियालाही उभं राहवेना. झुल्माला पोटात कळ येईपर्यंत हसू आलं. रात्र, डॉक्टरीणबाई, दुकानातल्या बायका, सगळं त्या हलत्या जमिनीवरून गळून पडलं. तिने अराईला उचलून कडेवर घेतलं आणि धापा टाकत उभी राहिली.

सगळ्या थांबल्या होत्या.

जमीन थांबली नव्हती.

आधी झुल्माला वाटलं, आपल्याच उड्यांची लाट फिरून येत असेल. ती तळव्यांकडे लक्ष देऊन उभी राहिली. लाट हळूहळू मंदावते. ही मंदावत नव्हती. हलकी, नेमकी, ठेक्यात. टुण, टुण, मग जरा विश्रांती, परत टुण. लव्हाळ्यापलीकडे कुणीतरी उड्या मारत होतं. मोठं माणूस नव्हे. कडेवरच्या पोरीएवढं वजन असेल. गेली चार वर्षं झुल्माने ते वजन उचललेलं होतं, ते तिला तळव्यांनीही कळलं.

अराई प्रत्येक उडीला खुदकन हसत होती. उडीच्या किंचित आधी.

“नीदिया,” झुल्मा शक्य तितक्या सहज म्हणाली, “पलीकडे दुसरी होडी लागलीय का?”

“नाही.”

“मग कार्पिंचो असेल.”

“असेल की,” नीदिया म्हणाली, जरा घाईने, जणू तो शब्द तिला कुणीतरी आयता आणून दिला. “चला बाई, बेट सरकायला लागलंय. टोपी घ्या.”

कार्पिंचो एका जागी उड्या मारत नाहीत. हे दोघींनाही माहीत होतं.

५

निघताना अराईची एक चप्पल राहिली. लव्हाळ्याच्या कडेला पडलेली झुल्माला दिसत होती. दहा पावलं नसतील. तिने अराईला होडीत आत्याजवळ दिलं आणि ती एकटी मागे गेली. भरदिवसा, डोक्यावर ऊन, मागे ओतिलियाबाईंची बडबड. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, चप्पल आणायला चाललीय बाई.

चप्पल उचलायला ती वाकली तेव्हा लव्हाळा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आला.

देठांच्या मधे, बऱ्याच आत, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. सगळं नाही दिसलं. ओले केस दिसले. मानेचा लहानसा तुकडा, पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडी होते तसा. आणि वेणी. घट्ट, नीटस, डाव्या कानाकडे कललेली. टोकाला रिबिनीच्या जागी लव्हाळ्याची पात, दोन वेढे आणि वर गाठ. झुल्मा घालते तशी. अराई बाहुलीला घालते तशी.

डोकं वळायला लागलं.

झुल्मा कशी होडीत आली ते तिला आठवत नाही. चप्पल हातात होती एवढं खरं. मधल्या फळीवर धपकन बसल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो तिला स्वतःलाच वेड्यासारखा वाटला. वेणी किती छान जमलीय, आणि माझ्या पोरीने घातलीय.

“कार्पिंचो दिसला?” ओतिलियाबाईंनी विचारलं.

“नीट नाही दिसला.”

६

वाऱ्याने बेट एका बाजूला निघालं, होडी दुसऱ्या बाजूला. मधलं पाणी रुंद होत गेलं. अराई मागे वळून बघत होती. तिने हात केला नाही, रडलीही नाही.

बेटावरून सापुकाय आला.

त्या बारीक आवाजातला. मुरकी अराईचीच, पण शेवटी थोडी वर चढलेली, प्रश्न विचारल्यासारखी. अराईने मान मागे टाकली, तोंड उघडलं. नुसती हवा आली. मघाच्या आरोळीने आणि हसण्याने घसा बसला होता. तिने पुन्हा करून बघितलं. नाही.

“पोरं आहेत वाटतं तिकडे,” ओतिलियाबाई म्हणाल्या. “द्या ना ओ कुणीतरी.”

नीदियाने बांबू रोवला, काढला, रोवला. ज्या बाईने रेडिओला ओ दिली होती ती पाण्याकडे बघत होती.

पुन्हा सापुकाय. लांबून. या वेळी मुरकी अर्ध्यात थांबली, लहान मुलाचा हिरमोड झाला की थांबते तशी.

अराईची हनुवटी थरथरली. आणि तिने आईकडे बघितलं. चार वर्षांत अराईने तिच्याकडे पाणी मागितलं होतं, पाव मागितला होता, ‘नको’ म्हटलं होतं. पण हे असं, फक्त तूच करू शकतेस म्हणून, कधी बघितलं नव्हतं. झुल्माला रात्रीचा तो शब्द आठवला. आम्ही. त्या शब्दाच्या बाहेर उभं राहून तिने अख्खी रात्र काढली होती.

“वहिनी, राहू दे,” नीदिया हळूच म्हणाली. “कुणाला ओ देतोय ते आधी बघावं माणसाने.”

“बघितलंय,” झुल्मा म्हणाली.

ती उभी राहिली. होडी डुगडुगली. तिने मान मागे टाकली. आपण कशा दिसत असू असा विचार येणार होताच, पण तो यायच्या आत पोटातून काहीतरी सुटलं आणि घशातून बाहेर पडलं. लांब, खणखणीत, फाटकं, आनंदाचं. तिला तिचा स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. चाखांचा थवा उठला, पाणकावळे उठले. ओतिलियाबाईंनी टोपी हवेत उडवली आणि कशीबशी परत पकडली. “कुठे ठेवला होतास गं हा?” त्या ओरडल्या. झुल्मा हसत होती, रडत होती, आणि श्वास पुरत नव्हता म्हणून खाली बसली. उन्हात सगळं पाणी चमकत होतं. इतकं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

बेटावरून काही आलं नाही. तिकडे सगळं शांत झालं होतं, हवं ते मिळाल्यासारखं.

नीदियाने बांबू रोवला होता, पण होडी ढकलली नाही. ती उभी राहून होडीच्या कडेकडे बघत होती. कड अराईच्या बाजूने पाण्यात किंचित दबली, हलकेच, आणि तशीच राहिली.

अराईने आईच्या दंडावर डोकं टेकलं. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद झुल्माने कधी पाहिला नव्हता. मग ती बसलेल्या घशाने, पण एकेक शब्द नीट जोडत बोलली, तिच्या आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य:

“आता आपण झालो आई, सरक ना थोडी, तिला बसू दे.”